दादाचं मराठी

गेल्या वर्षी मे महिन्यात दादाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. "बाळ कान टेस्ट झाला. मशीन लाल. आई रडला खूप. तू ये रविवार."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. राहणार तासगाव, वय ३६. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. बाळ म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची. मी साताऱ्याचा, नोकरीला पुण्यात, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधतो. त्यामुळे असेल, पण मेसेज वाचल्यावर आधी मला त्यातल्या चुकाच दिसल्या आणि बातमी मागून कळली. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दादाचे मेसेज हा बरीच वर्षं चेष्टेचा विषय होता. कुणीतरी स्क्रीनशॉट काढायचं, कुणीतरी हसण्याची इमोजी टाकायचं. दादाही त्यात हसायचा, कारण आम्ही हसतोय हे त्याला दिसायचं. का हसतोय ते बहुधा कळत नसावं.

आणि हाच दादा गेली बारा वर्षं सांगलीत एका छापखान्यात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, दशक्रियेच्या सूचना. 'श्रीकृपेकरून'पासून 'चि. सौ. कां.'मधल्या टिंबापर्यंत सगळं बिनचूक. मालक म्हणतो, ऐकू येणाऱ्या पोरांपेक्षा याचं शुद्धलेखन चांगलं. खरं आहे ते. दादा ऱ्हस्व-दीर्घ डोळ्याने लक्षात ठेवतो. समोर ठेवलेलं मराठी तो जसंच्या तसं उतरवू शकतो, पण स्वतःच्या मनातलं मराठीत मांडायला गेला की 'आई रडला' होतं. अकरा वर्षं शाळेत जाऊन, दहावी पास होऊन.

हे असं का होतं, हा प्रश्न मला ३६ वर्षांत कधीतरी पडायला हवा होता. म्हणजे माझं वय २८ आहे, तर २८ वर्षांत. तो पडला त्या रविवारी.

तासगावला पोहोचलो तर सोप्यात सगळे बसलेले. मामी गप्प. वहिनीच्या मांडीवर बाळ, टक्क डोळे उघडे ठेवून दादाच्या हातांकडे बघत होतं, कारण दादा तिच्यासमोर बोटं नाचवत होता. मामा म्हणाला, "ए, त्याला सांग हात खाली ठेव म्हणून." सांगायचं मला, कारण घरात दादाशी खुणांनी बऱ्यापैकी बोलता येणारा मी एकटाच. मिरजेला एका ठिकाणी बाळाच्या तपासण्या झाल्या होत्या आणि तिथल्या कुणीतरी घरच्यांना बजावलं होतं की, मशीन बसवा, ट्रेनिंग द्या, पण खुणा अजिबात करू नका. खुणांची सवय लागली की पोरगी बोलायची नाही. आणि घरात आधीच एक खुणा करणारा माणूस आहे म्हटल्यावर, त्याला जरा लांबच ठेवा.

मी दादाला ते सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्याने हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत बसला.

पुण्याला परतताना बसमध्ये एकच वाक्य डोक्यात फिरत होतं: खुणा केल्या की मूल बोलत नाही. कोडमध्ये एखादी विचित्र ओळ सापडली की आम्ही ती पहिल्यांदा कधी आणि कुणी टाकली ते शोधतो. म्हटलं, या ओळीचाही इतिहास बघू.

इतिहास बराच मागे गेला. पहिला थांबा अकबर. ऐकलंच नाही तर माणूस कोणती भाषा बोलेल, असा प्रश्न त्याला पडला होता. १५७८च्या आसपास त्याने काही तान्ही मुलं एका वेगळ्या वास्तूत ठेवली. दाया दिल्या, पण त्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही असा हुकूम. लोक त्या वास्तूला गुंग महल, म्हणजे मुक्यांचा महाल म्हणू लागले. १५८२मध्ये बादशहा स्वतः तिथे गेला. एकाही मुलाच्या तोंडून शब्द निघाला नाही. अबुल फजल आणि बदायुनी दोघांनीही हे लिहून ठेवलंय, आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे, त्यामुळे गोष्ट खरी मानायला हरकत नाही. याच्याही दोन हजार वर्षं आधी इजिप्तच्या एका राजाने दोन मुलं अशीच एका मेंढपाळाकडे ठेवली होती, ती कथा हिरोडोटसने सांगितली आहे. तिथे मुलं म्हणे 'बेकोस' असं काहीतरी म्हणाली, आणि फ्रिजियन भाषेत त्याचा अर्थ भाकरी. ती बकरीच्या आवाजाची नक्कल असावी, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली.

मला अकबराच्या प्रयोगातली एक गोष्ट टोचली. ती मुलं ऐकू शकत होती. कान धडधाकट, मेंदू धडधाकट, फक्त चार वर्षं भाषा मिळाली नाही आणि ती मुकी झाली. म्हणजे मुकेपण कानातून येत नाही, भाषा न मिळण्यातून येतं. आपल्याकडे मात्र 'मूकबधिर' हा एकच शब्द करून टाकलाय, जणू दोन्ही जन्मतःच जोडून येतात. दादाचा गळा, जीभ, स्वरयंत्र सगळं ठीक आहे. तो हसतो तेव्हा अख्खी गल्ली ऐकते.

या जोडशब्दाची किंमत पैशातही मोजली गेली आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीचा हक्क कुणाला नाही याची यादी आहे आणि तिच्यात जन्मतः आंधळे, बहिरे आणि मुके येतात. त्यांना पोसायचं, पण हिस्सा द्यायचा नाही. हे पोथीतच राहिलं नाही. इंग्रजांच्या कोर्टांनी त्यालाच हिंदू कायदा मानून निकाल दिले. १९२८मध्ये कायदा करून ही अपात्रता काढली, तोपर्यंत जन्मापासून बहिऱ्या-मुक्या मुलाचा बापाच्या रानात वाटा कायद्यानेच नाकारता येत होता. १९२८ म्हणजे फार जुनं नाही. माझ्या पणजोबांच्या हयातीतलं. मामाच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर आज दादाचं नाव आहे, ते या कायद्याच्या आधीच्या पिढीत नसतं.

आता त्या वाक्याकडे. युरोपात अठराव्या शतकात बहिऱ्या मुलांना शिकवण्याचे दोन रस्ते फुटले. पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या धर्मगुरूने बहिऱ्या माणसांच्या खुणा घेऊन त्यांवर शाळा उभी केली. जर्मनीत सॅम्युएल हाइनिके म्हणाला, आधी बोलणं, खुणा नकोत. पॅरिसच्या शाळेतला लॉरां क्लर्क हा बहिरा शिक्षक अमेरिकेला गेला आणि १८१७मध्ये हार्टफर्डला त्याने थॉमस गॅलॉडेटबरोबर शाळा काढली. पुढे काही दशकं बहिऱ्या मुलांना शिकवणारे बरेच शिक्षक स्वतः बहिरे असत.

मग १८८०चा सप्टेंबर. इटलीत मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी आले आणि त्यांत बहिरा माणूस एक. ठराव आला की शिक्षणात खुणांपेक्षा बोलणं निःसंशय श्रेष्ठ, म्हणून मौखिक पद्धतच वापरावी. १६० मतं बाजूने, ४ विरुद्ध. त्यानंतर शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, कारण उच्चार शिकवायला ते कुठून येणार? मी माझ्या टीमलीडला हे सांगितलं तर तो म्हणाला, "युजरला न विचारता फीचर काढून टाकलं की." आमच्या धंद्यातली उपमा, पण चुकीची नाही.

भारतातली पहिली शाळा मुंबईत निघाली, मिलाननंतर पाचेक वर्षांनी, १८८५च्या सुमारास. काढली बिशप लिओ म्युरिन या जेझुइट धर्मगुरूने. पुढे १८९३मध्ये कलकत्त्याची शाळा आली. म्हणजे आपल्याकडे बहिऱ्यांचं शिक्षण जन्मालाच आलं ते मिलानच्या सावलीत. युरोपातून प्रशिक्षण, पुस्तकं आणि पद्धत घेऊन येणारी माणसं तोच ठराव बरोबर घेऊन आली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं आपल्या बहुतेक मूकबधिर विद्यालयांत तक्ता, आरसा आणि मुलाचा हात बाईंच्या गळ्यावर, असा बोलण्याचा तास चालला. मिरजेतल्या त्या माणसाने मामाला सांगितलेलं वाक्य १४५ वर्षांपूर्वी मिलानमध्ये मंजूर झालेलं होतं. त्याला स्वतःलाही हे माहीत असेल असं वाटत नाही.

आपला जिल्हा शिक्षणाच्या बाबतीत मागे नव्हता. १९१९मध्ये कऱ्हाडजवळ काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. डोंगरकपारीतल्या, कुठल्याही जातीच्या पोराने शिकावं, वसतिगृहात राहावं, कमवावं आणि शिकावं, हे साताऱ्याने देशाला दाखवलं. माझे आजोबा त्याच संस्थेच्या वसतिगृहातून शिकले. पण त्यांची एक बहीण होती, तिला ऐकू येत नव्हतं आणि ती कुठल्याच शाळेत गेली नाही. फोटोतसुद्धा ती कडेला आहे. तिला काय म्हणायचे विचारलं तर आजोबा म्हणायचे, "मुकीच म्हणायचो." नाव त्यांना आठवेना.

दादाच्या वेळी परिस्थिती सुधारली होती. निवासी शाळा होती, आणि पाचव्या वर्षी त्याला तिथे सोडला. त्या वयापर्यंत त्याच्याकडे भाषा अशी नव्हतीच. घरातल्या पंधरा-वीस खुणा होत्या, जेवण, पाणी, शी, मार, बैल, बाजार. 'उद्या' नव्हतं. 'का' नव्हतं. मामी त्याला शाळेत सोडून निघाली तेव्हा आपल्याला कायमचं इथे टाकून चाललेत असं त्याला वाटलं. दिवाळीला परत नेणार आहेत हे सांगायला कुणाकडेही खूण नव्हती. हे मला त्याने स्वतः सांगितलं, आत्ता, गेल्या वर्षी, तीस वर्षांनी.

शाळेत ओठ वाचायला शिकवायचे. मराठी ओठांवरून वाचणं काय प्रकार आहे, ते आरशासमोर उभं राहून करून बघा. आवाज न काढता म्हणा: बाबा. आता म्हणा: मामा. आता: पापा. आरशात तिन्ही सारखेच दिसतात. प, फ, ब, भ, म हे पाचही ओठ मिटून होतात. घोष-अघोष गळ्यात ठरतं, म नाकातून जातो, आणि यातलं काहीच बाहेर दिसत नाही. क आणि ग तर पार घशात, दिसायचा प्रश्नच नाही. आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानांप्रमाणे लावलेली आहे याचा आपल्याला अभिमान असतो, आणि असावाही. पण ओठ वाचणाऱ्या मुलासाठी अख्खा वर्ग म्हणजे एकच अक्षर.

याचा आमच्या घरात एक परिणाम झाला होता, तो दादाने सांगितला तेव्हा मी आधी हसलो आणि नंतर हसू थांबलं. सुट्टीत मी आजोळी गेलो की त्याच्या वडिलांना 'मामा' म्हणायचो. दादा आणि त्याचा भाऊ 'बाबा' म्हणायचे. दादाला ओठांवर एकच शब्द दिसायचा. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याची समजूत होती की मामा माझाही बाप आहे आणि मला काही कारणाने साताऱ्याला कुणाकडे तरी ठेवलंय, जसं त्याला शाळेत ठेवलंय तसं. त्याला माझी कीव यायची. म्हणून तो मला स्वतःच्या वाटणीचे बेदाणे द्यायचा.

वर्गात हात वापरले की पट्टी बसायची. पण वसतिगृहात रात्री दिवे असेपर्यंत मोठी मुलं लहानांना खुणा शिकवायची. कुणी आधी पुण्याच्या शाळेत होतं, कुणाचे आईवडील बहिरे होते, त्यांच्याकडून खरी भाषा यायची. दादा म्हणतो, माझी शाळा रात्री आठ ते नऊ होती. 'उद्या' त्याला तिथे मिळालं. 'का' तिथे मिळालं. दिवाळीला घरी नेतात हेही एका सातवीतल्या मुलाने तिथेच समजावलं.

आता दादाच्या मराठीकडे परत येतो. कारण बरेच लोक इथे म्हणतात की ऐकू येत नसेल तर ठीक, पण वाचायला काय अडचण आहे? डोळे तर आहेत ना?

आपल्या परंपरेत करपल्लवी नावाचा एक भन्नाट प्रकार आहे. शब्द तुम्ही ऐकला असेल, नेत्रपल्लवीच्या जोडीने. आपल्याला वाटतं ते नुसते हातवारे. प्रत्यक्षात ती हाताने अक्षरं सांगायची पद्धत होती. आठ खुणा: सापाचा फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट-वर्ग, तरु म्हणजे त-वर्ग, पल्लव म्हणजे प-वर्ग, यौवन म्हणजे य-पासूनची अक्षरं आणि शृंगार म्हणजे श-पासूनची. आधी वर्गाची खूण, मग वर्गातलं कितवं अक्षर तेवढी बोटं, मग काना-मात्रेसाठी चुटक्या. 'म' हवा तर पालवीची खूण करून पाच बोटं. ओळ आणि स्तंभ, बस. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा तक्ता दिलाय, त्याच्या शेकडो वर्षं आधीचा हा तक्ता, तोही हातावर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री दोन वाजता दादाला व्हिडिओ कॉल केला.

दादाने पाच मिनिटांत सगळं उचललं. मी 'कमळ' केलं, त्याने कागदावर 'कमळ' लिहिलं. मग त्याने विचारलं, "याने कुणी काय शिकलं?" आणि मला एकदम कळलं. करपल्लवी हे एन्कोडिंग आहे. ज्याला मराठी आधीच येतं तो ती हाताने सांगू शकतो, आणि ज्याला येतं तोच ती समजू शकतो. (शिवाय चुटक्या! म्हणजे ऐकू येणाऱ्यांनी ऐकू येणाऱ्यांसाठी काढलेली युक्ती.) देवनागरी लिपीसुद्धा तशीच आहे. 'पाणी' ही दोन अक्षरं वाचायला शिकणारं सहा वर्षांचं मूल पाणी हा शब्द पाच वर्षं बोलत आलेलं असतं. त्याला फक्त आवाजाची आणि चिन्हाची जोडी लावायची असते. दादाला त्याच वयात चिन्ह, शब्द, 'पाण्याला'मधला तो 'या' कुठून आला आणि 'पाणी प्याली' की 'पाणी प्यायली', हे सगळं एकदम आणि फक्त फळ्यावरून शिकायचं होतं. त्याने चिन्ह घेतलं. ते त्याला इतकं उत्तम जमलं की आज तो त्यावर पोट भरतो. बाकीचं त्याला कुणी दिलंच नाही.

साताऱ्याच्याच फलटणमध्ये या गोष्टीचा दुसऱ्या बाजूने विचार झाला आहे. मॅक्सीन बर्नसन, ज्यांना तिथे सगळे मॅक्सीनमावशी म्हणतात, मूळच्या अमेरिकन. साठच्या दशकात भारतात आल्या, फलटणला राहिल्या आणि फलटणमध्ये लोक मराठी कसं बोलतात यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएचडी केली. जात, पेठ, शिक्षण यांप्रमाणे एकाच गावात मराठी कशी बदलते, ते त्यांनी अभ्यासलं. १९८४मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, आधी शाळेबाहेरच्या मुलांसाठी, आणि १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन. त्यांची वाचनपद्धत मला अभियंता म्हणून फार आवडते. अख्खी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, असं रांगेने न जाता मोजकी अक्षरं आणि एखादा काना-वेलांटी घ्यायची आणि लगेच मुलाच्या ओळखीचे, अर्थ असलेले शब्द करायचे. मूल घरून जी भाषा घेऊन येतं तिच्यावर वाचन उभं राहतं.

शाळा ज्यांच्या नावाने आहे त्या कमला निंबकर याही जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या. १९५०मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं आणि अपंगांच्या पुनर्वसनात आयुष्य घालवलं. पण हे विषयांतर.

मुद्दा असा की, बर्नसन ज्या विद्यापीठात फलटणचं मराठी तपासत होत्या, त्याच विद्यापीठात सत्तरच्या दशकात सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांचे सहकारी फिलाडेल्फियातली काही बहिरी मुलं बघत होते. आईवडील ऐकणारे, खुणा न शिकवलेले, आणि मुलांना बोलणं कळत नव्हतं. त्या मुलांनी स्वतःच्या स्वतः खुणा बनवल्या होत्या आणि त्यांना क्रमसुद्धा होता, म्हणजे व्याकरणाची सुरुवात. १९७८च्या त्या निबंधाच्या शीर्षकातच हिरोडोटस आहे. इजिप्तच्या राजाला आणि अकबराला जे जमलं नाही ते या मुलांनी दाखवलं: मेंदूला भाषेची इतकी भूक असते की ती मिळाली नाही तर तो घरच्या घरी करायला घेतो. पण एकटं मूल फार पुढे जात नाही. निकाराग्वात सत्तरच्या दशकाच्या शेवटी बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, तिथेही ओठवाचनच शिकवत होते, आणि मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपापल्या घरखुणा एकत्र करून काही वर्षांत पूर्ण नवी भाषा उभी केली. दादाच्या वसतिगृहातले आठ ते नऊ मला तेव्हा वेगळे दिसले.

आपल्याकडच्या खुणांना भाषा म्हणायलाही उशीर झाला. विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६०मध्ये दाखवलं की खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असते. हिमाचलच्या एका खेड्यात वाढलेले आणि अकराव्या वर्षी आजारपणात ऐकू येणं गेलेले मदन वसिष्ठ अमेरिकेत शिकले, आणि १९७०च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर परत येऊन त्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोरच्या खुणा गोळा केल्या. शाळांनी इतकी वर्षं दाबूनही चारही शहरांतल्या खुणा बऱ्याच अंशी एक निघाल्या. १९८३मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं, आणि २०२१पर्यंत त्यांच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले. २०१०मध्ये व्हँकुव्हरला त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी.

२०१६च्या अपंग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला जागा आहे. त्याच कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची सोयही आहे. सूट हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मला एकदा वाटून गेलं, पहिली भाषा कुठेय ते आधी विचारा.

आता यंत्रांबद्दल, नाहीतर कुणाला वाटेल मी त्यांच्या विरुद्ध आहे. मी नाही. कॉक्लिअर इम्प्लांट लवकर बसलं आणि नंतर नीट सराव झाला तर अनेक मुलं छान बोलतात, मी भेटलोय अशा मुलांना. पण काहींना कमी फायदा होतो, काहींना फारच कमी, आणि कुणाला किती होईल हे आधी सांगता येत नाही. सगळ्यांनाच शस्त्रक्रियेची वाट बघावी लागते. त्या वाट बघण्याच्या महिन्यांत मेंदू थांबत नाही. भाषेसाठीची सगळ्यात मोलाची वर्षं पहिली तीन-चार. खुणांमुळे बोलण्यावर काय परिणाम होतो यावर संशोधकांत अजून वाद आहेत, पण पहिल्या वर्षांत कुठलीच भाषा न मिळाल्याचं नुकसान नंतर भरून येत नाही, याबद्दल वाद नाही. बहिऱ्या आईवडिलांची बहिरी मुलं, ज्यांना पाळण्यात खुणा मिळतात, पुढे वाचनातही पुढे असतात, हे साठच्या दशकापासून दिसत आलंय.

हे सगळं मी ऑगस्टमध्ये तासगावच्या सोप्यात मामाला सांगितलं. लॅपटॉपवर स्लाइड करून नेल्या होत्या, मूर्खासारख्या. मामाने दोन बघितल्या आणि म्हणाला, "तू इंजिनेर हायस, त्ये डाक्टर हायत." बरोबर होतं त्याचं. मी कोण सांगणारा?

मग वहिनी बोलली. ती फार बोलत नाही. म्हणाली, "मशीन तर बसवूच. पण आत्ता रडली की मला तिला काहीच सांगता येत नाही. दादांना येतंय. तिला त्यांचं कळतंय, मी बघितलंय." मामी म्हणाली, "मी ह्येच्याबरोबर तीस वर्षं नुसती हातवारे करत आले. मला कुणी शिकवलंच न्हाई." आणि ती रडायला लागली. या वेळी दादाने मला विचारलं नाही, ती काय म्हणाली ते. तो उठून तिच्यापाशी जाऊन बसला.

सध्या बाळाला दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत, गुलाबी. ती उपटून टाकायचा तिचा छंद आहे. एक एकदा कुत्र्याच्या भांड्यात सापडलं. इम्प्लांटच्या यादीत नाव लागलंय. आठवड्यातून दोनदा वहिनी तिला घेऊन मिरजेला जाते. आता दुसऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या बोला आणि खुणाही करा, दोन्ही करा. मामा त्यावर काही म्हणाला नाही, पण पुढच्या वेळी गाडी त्यानेच काढली. रविवारी रात्री आठ ते नऊ दादा घरातल्या सगळ्यांना खुणा शिकवतो. वेळ त्यानेच ठरवली. मामाची बोटं द्राक्षाच्या छाटणीने राठ झालीत, त्याला बारीक खुणा जमत नाहीत, दादा त्याला पट्टी दाखवतो आणि दोघं हसतात.

मीही दादाकडून शिकतो आणि बदल्यात आम्ही त्याचं मराठी करतो, म्हणजे त्याच्या भाषेत एक वाक्य, माझ्या भाषेत एक वाक्य, शेजारी शेजारी लिहून. 'आई रडला' का नाही, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. चूक म्हणून लाल रेघ मारली होती फक्त. त्याच्या भाषेत क्रियापदाला लिंग लागत नाही, तर मराठीत का लागतं, हा त्याचा प्रश्न. मी म्हटलं, मलाही माहीत नाही, पण लागतं. तो म्हणाला, विचित्र भाषा आहे तुमची.

परवा त्याने व्हिडिओ पाठवला. बाळ दारात बसलंय आणि मूठ उघडझाप करतंय, दूध काढल्यासारखी. दूध. मग दुसरा हात मध्ये आणून, अजून. दूध अजून. चौदा महिन्यांच्या पोरीचं दोन शब्दांचं वाक्य. व्हिडिओखाली दादाने लिहिलं होतं:

"बाळ बोलली. मशीन काढली होती तेव्हा. आई हसली."

ग्रुपवर मी त्याचा स्क्रीनशॉट टाकला. कुणीतरी विचारलं, यात काय चुकलंय?